हुद्द्यांचे प्रत्यय

कुंभकोणम् जवळील मरुदानल्लूर हे दक्षिणेतील भजनसंप्रदायाचे एक प्रमुख स्थान. सद्गुरुस्वामींनी व्यवस्था लावून दिलेल्या त्या भजनपद्धतीत मराठी अभंगही गायिले जातात. गाणाऱ्यास मात्र तेथे 'भागवतर' म्हणतात. शब्द संस्कृत, शेवटचा आदरार्थी 'अर्' तमिळ. त्याच गल्लीत दूध घालणारा 'पाल्कारन्'. त्यात दूध तमिळ आणि 'कार' संस्कृत! व्यवसायनामे अशीच दोन घरची असतात.

इंग्रजीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचे 'बेकर', 'फिशर' घरचे राहिले. 'टेलर', 'बुचर', 'ट्रेझरर', 'चॅन्सेलर' फ्रेंचांबरोबर आले. गंमत अशी की, फ्रेंच 'इये' हा लॅटिन 'आरिउस्' पासून निघालेला. आणि इंग्रजीचा आपला वाटणारा 'अर' देखील तेथूनच फार पूर्वी आला असावा, असे पुष्कळ भाषापंडित मानतात. एकच पाहुणा दोन दारांनी आला म्हणावयाचा.

मराठीतही असेच घडले आहे. सोनार, कुंभार, लोहार, चांभार ह्यांच्या शेवटी झिजून उरलेला 'आर' तो सुवर्णकार-कुंभकारांतील 'कार'च. कचेरीत मात्र फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा, 'दार' म्हणजे बाळगणारा, आणि तुर्की 'ची'. फर्द लिहिणारा तो फडणीस, वाकिआ लिहिणारा वाकनीस. सुभेदार, हवालदार, तोपची, मशालची. 'चिटणीस' शब्दात तर देशी चिठ्ठीलाच 'नीस' चिकटला. परंतु ह्या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटतो तो 'बलुतेदार' हा शब्द. ज्या कारागिरांची एकेकटी नावे देशी, त्यांचे सामुदायिक नाव फारसी प्रत्ययाने घडावे, ह्याचे कारण माझ्या मते वहीत आहे. कुंभाराला गाव हाक मारीत होते. बलुतेदाराचा हक्क दप्तर नोंदीत होते.

हे परकेपण शिवकालीन मुत्सद्द्यांना जाणवले होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरनीस 'सचिव' झाला, वाकनीस 'मंत्री' झाला. रघुनाथपंत हणमंते यांनी 'राजव्यवहारकोश' सिद्ध करविला. हे पंत पूर्वी व्यंकोजीराजांच्या पदरी होते. तरीही त्याच व्यंकोजींच्या तंजावरी, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरला गेला, तेव्हा तो रचणारे बाबूराव 'चिटणीस'च होते. आज्ञेने पद बदलते. प्रत्यय मात्र आडनावात जाऊन बसतो.

शिवाय हे परकेपण तरी कितपत खरे? फारसी 'दार' आणि आपल्या 'सूत्रधारा'तील 'धृ' ही मुळात सख्खी भावंडे, इराणी आणि भारतीय शाखा वेगळ्या होण्यापूर्वीची. 'पेशकारा'तील 'कार' आणि 'कुंभकारा'तील 'कार' ह्यांचेही तेच. कोशकाराने दाराबाहेर घालविलेला पुष्कळदा घरचाच भाऊबंद होता. पण व्युत्पत्ती पाहून कोणी राज्यकारभार करीत नाही.

कुंभकोणम् च्या तहसीलदारास आज सरकारी तमिळमध्ये 'वट्टाट्चियर्' म्हणतात. लोक 'तासिल्दार'च म्हणतात.