पाखरांची एकी

मुलांनी पडद्यासमोर नुसते बसू नये, सोबत गावे, या हेतूने अमेरिकेत १९८५ साली 'किडसाँग्ज' ही चित्रफीतमाला निघाली आणि १९८७ साली ती दूरचित्रवाणीवर आली. आपल्या देशात हे बीज त्याआधीच रुजले होते. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली 'एक अनेक और एकता' हा छोटा कार्टूनपट काढला. त्याची भाषा हिंदी असली तरी दिग्दर्शन विजया मुळे यांचे, संगीत वसंत देसाई यांचे आणि आवाज बालवयातील साधना सरगम यांचा होता. चित्रांना गती भीमसेन यांनी दिली.

बागेतली मुले ताईला 'अनेक' म्हणजे काय ते विचारतात आणि ताई जाळ्यात सापडलेल्या पाखरांची गोष्ट गाऊन सांगते. सगळी पाखरे एकदम उडतात, म्हणूनच जाळे उचलले जाते. दूरदर्शनने हे गीत वर्षानुवर्षे दाखवले आणि एका पिढीला ते तोंडपाठ झाले.

आज वाशीम जिल्ह्यातील आपल्या विखुरलेल्या कुटुंबांतही मुले मोबाइलवर एकेकटी गाणी पाहतात. गाणी उदंड झाली, सोबत मात्र उणावली. धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि मिस्साबलिदानात आपण मुलांना एका सुरात गायला लावतो, तेव्हा पाखरांचे तेच शहाणपण जपतो. तो वर्ग ओस पडू नये, एवढेच आमचे मागणे.