कोपरा कापलेलं कार्ड

वढू बुद्रुकच्या आमच्या घरात आबांची एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि मुंबईहून आलेली पत्रं. आबांचे धाकटे भाऊ, आम्ही ज्यांना तात्या म्हणायचो, गिरणीत कामाला होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी लिहून पाठवायचे. मी नऊ वर्षांचा असताना शाळेत तिकीटं जमवायचं वेड आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रंक उघडली, आईची कात्री घेतली आणि दुपारभर बसून सगळी तिकीटं कापून काढली. पाकिटांवरची पाण्यात भिजवून सोडवली. पोस्टकार्डावर तिकीट छापलेलंच असतं, म्हणून कार्डांचा तो कोपराच कापला. उरलेला कागद बंबात गेला.

एक कार्ड कसं कोण जाणे वाचलं. १९८२ सालचं, गिरणी संपाच्या दिवसांतलं. पत्त्याच्या बाजूला उजवीकडे वर चौकोनी भोक आहे. कार्ड उलटलं की तेच भोक डावीकडे वर येतं, म्हणजे जिथे मजकूर सुरू होतो तिथे. ‘तीर्थरूप दादांस’ मधलं फक्त ‘दांस’ उरलंय. खालच्या ओळीत ‘…ला बरं नाही, पण काळजी करू नये’ एवढंच. कोणाला बरं नाही, ते माझ्या कात्रीने नेलं.

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, अल्बम कपाटात गेला. दोन वर्षांपूर्वी तो पुण्यातल्या एका विक्रेत्याला दाखवला. त्याने चार पानं उलटली आणि म्हणाला, अशी तिकीटं आम्ही वजनावर घेतो. मग सहज विचारलं, ‘कार्डं कुठे आहेत?’ त्या प्रश्नानंतर मी टपाल तिकीटांच्या लिलावांचा इतिहास वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनातून झालेला आहे.

सुरुवात पेनी ब्लॅकपासून करायला हवी. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे सहसा घेणारा द्यायचा, आपल्याकडे पुढे ज्याला ‘नॉटपेड’ म्हणू लागले तसे. दर अंतरावर आणि कागदाच्या तावांवर ठरे, आणि गरिबाला पत्र आलं तर ते सोडवून घेणं परवडत नसे. रोलंड हिल याने १८३७ मध्ये पुस्तिका काढून सुचवलं की पैसे आधी घ्या, दर वजनावर ठेवा, आणि देशभर तो एकच असू द्या. १ मे १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेलं काळं एक पेनीचं तिकीट विक्रीला आलं आणि ६ मेपासून ते वापरात आलं. जगातलं हे पहिलं चिकट टपाल तिकीट. त्यावर देशाचं नाव नव्हतं, कारण दुसऱ्या कोणत्याच देशाचं तिकीट नव्हतं. ब्रिटनची तिकीटं आजही नावाशिवायच निघतात.

नवख्या संग्राहकाला वाटतं, सगळ्यात जुनं म्हणजे सगळ्यात महाग. तसं नाही. पेनी ब्लॅक सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली आणि त्यातली पुष्कळ अजून शिल्लक आहेत. बऱ्यापैकी अवस्थेतलं एखादं पगारदार माणूस थोडी काटकसर करून घेऊ शकतो. लिलावात किंमत ठरते ती किती छापली, किती उरली, कडा किती सुटसुटीत आहेत, मागचा डिंक आहे की गेला, शिक्का कुठे बसलाय, आणि आजवर ती वस्तू कोणाकोणाच्या हातांतून आली, यावर. यांखेरीज आणखी एक गोष्ट मोजली जाते, जी नऊ वर्षांच्या मला कोणी सांगितली नव्हती. ती म्हणजे तिकीट अजून आपल्या पत्रावर आहे की नाही.

ही गोष्ट कळायला मॉरिशसकडे जावं लागतं आणि तिथून मुंबईला परत यावं लागतं.

ब्रिटनबाहेरच्या वसाहतींमध्ये सरकारी टपाल तिकीट आधी काढणाऱ्यांत मॉरिशस होतं. सप्टेंबर १८४७ मध्ये पोर्ट लुईच्या जोसेफ ऑसमंड बार्नार्ड नावाच्या कारागिराने तांब्याच्या एकाच पट्टीवर दोन तिकीटं कोरली, एक पेनीचं आणि दोन पेन्सचं. नारिंगी आणि निळ्या रंगात प्रत्येकी पाचशे प्रती निघाल्या, त्याही एकेक करून. त्यांतली बरीच गव्हर्नरच्या पत्नी लेडी गॉम यांच्या नृत्यसमारंभाच्या आमंत्रणांवर लागली. तिकीटाच्या डाव्या कडेला ‘पोस्ट ऑफिस’ अशी अक्षरं आहेत, पुढच्या वर्षीच्या तिकीटांवर ‘पोस्ट पेड’ आली. बार्नार्ड विसराळू होता, चुकून भलतंच कोरून बसला, अशी दंतकथा वर्षानुवर्षं सांगितली जाते. अभ्यासकांनी ती केव्हाच खोडून काढली आहे, पण बाजाराला चुकीची गोष्ट आवडते, म्हणून ती टिकून आहे. त्या हजारांपैकी आज दोन्ही मिळून सत्तावीसच्या आसपास माहीत आहेत.

त्यांतली दोन तिकीटं एकाच पत्रावर आहेत, आणि ते पत्र मुंबईचं आहे. ४ जानेवारी १८५० ही त्याची तारीख. पोर्ट लुईहून निघालेलं हे पत्र बॉम्बे ऑक्झिलरी बायबल सोसायटीचे सचिव थॉमस जेरम यांच्या नावाने आलं. एक पेनीची दोन नारिंगी तिकीटं शेजारी शेजारी. पुढे जवळजवळ अर्धं शतक त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. १८९७ मध्ये हॉवर्ड नावाच्या इंग्रजाला ते भारतातल्या एका बाजारात सापडलं. त्याने ५० पौंड मोजले आणि लंडनच्या बाजारात त्याचे १,६०० पौंड झाले. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपयांचे चोवीस हजार. संग्राहक त्याला ‘बॉम्बे कव्हर’ म्हणतात. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात न्यू ऑर्लिअन्सच्या वाईल बंधूंनी ते ३,८०,००० डॉलरला घेतलं. तोवर टपाल संग्रहातल्या कोणत्याही वस्तूला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

आता दुसरा हिशोब बघू. १९०४ मध्ये लंडनच्या एका लिलावात याच मालिकेतलं निळं, न वापरलेलं दोन पेन्सचं तिकीट १,४५० पौंडांना गेलं. घेणारे होते युवराज, पुढचे राजे पंचम जॉर्ज. अस्सल, कोरं, देखणं तिकीट, पण सुटं. १९९३ मध्ये झुरिचला एका जपानी संग्राहकाच्या मॉरिशस संग्रहाचा लिलाव झाला. त्यात एक पेनीचं कोरं तिकीट पावणेअकरा लाख डॉलरच्या आसपास गेलं, दोन पेन्सचं साडेअकरा लाखांच्या आसपास. दोन्ही मिळून बावीस लाख. त्याच लिलावात बोर्दोच्या एका मद्यविक्रेत्याला गेलेलं जुनं पत्र होतं. त्यावर हीच दोन तिकीटं, वापरलेली आणि शिक्का बसलेली. ते सुमारे अडतीस लाख डॉलरला गेलं.

कोरं ते मौल्यवान, वापरलं की उतरलं, हा आपला रोजचा अनुभव. इथे तो उलटा होतो. शिक्का, तारीख, पत्ता, कागदाची घडी, या सगळ्यांमुळे तिकीट साक्षीदार होतं. ते कुठून निघालं, कुठे पोचलं, कोणत्या दिवशी कोणाच्या कामी आलं, हे पत्र सांगतं. सुटं तिकीट एवढंच सांगतं की आपण छापले गेलो होतो.

आपल्याकडच्या पहिल्या तिकीटाची गोष्टही याच अंगाने जाते, आणि ती वढूच्या माणसाला जरा जवळची आहे. बार्टल फ्रियर हा मुंबई इलाख्याचा अधिकारी. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले तेव्हा तो तिथे रेसिडेंट होता. राज्य खालसा करू नये असं त्याचं मत होतं. डलहौसीने ते खालसा केलंच, आणि त्याचा कारभार फ्रियरकडेच आला. ज्या संभाजी महाराजांची समाधी आमच्या गावात आहे, त्यांच्या पुत्राने, शाहू महाराजांनी, उभी केलेली गादी अशी संपली. १८५० मध्ये फ्रियर सिंधला आयुक्त म्हणून गेला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिथे १ जुलै १८५२ रोजी त्याने अर्ध्या आण्याचं ‘सिंध डाक’ तिकीट सुरू केलं. आशियातलं हे पहिलं चिकट टपाल तिकीट. गोल, मधे कंपनीची व्यापारी खूण. पहिली तिकीटं लाल लाखेसारख्या चकतीवर उठवलेली होती आणि ती तडकायची. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव दिला, तर मिणमिणत्या उजेडात ती दिसेनात. म्हणून शेवटी निळी काढली. ऑक्टोबर १८५४ पासून सबंध कंपनी राज्यासाठी तिकीटं आली, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो, आणि सिंध डाक मागे पडलं. लाल चकत्यांपैकी फार थोड्या उरल्या. हाच फ्रियर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत त्याच्याच काळात गव्हर्नरचा बंगला म्हणून उभी राहू लागली.

मुंबईचं ते पत्र बाजारात सापडलं त्याच सुमारास आपल्याकडे आणखी एक माणूस जुन्या कागदांच्या मागे होता. वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, वाईला सापडलेल्या पत्रांचा. त्यांची कळकळ लिलावाच्या बाजाराहून अगदी वेगळी. पण कागद एकटा बोलत नाही, त्याची तारीख, त्याचा पत्ता, तो ज्या रुमालात बांधलेला होता त्यातले शेजारी कागद यांसह तो बोलतो, हे दोघांनाही मान्य व्हावं. राजवाड्यांनी ते इतिहासासाठी मानलं, बाजाराने पैशासाठी. मला बाजाराचा हिशोब आधी कळला, याची थोडी लाज वाटते.

पण बाजाराच्या हिशोबात एक मोठी फट आहे, आणि तीही त्याच पत्रात दिसते. १८३४ पासून भारतातले मजूर गिरमिटावर मॉरिशसला जात होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. उसाच्या मळ्यांवर गुलामीची जागा त्यांच्या श्रमाने घेतली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर या लोकांना उतरवून घेणारा डेपो १८४९ मध्ये उभा राहिला. आज तो ‘आप्रवासी घाट’ म्हणून जागतिक वारशात आहे. बायबल सोसायटीचं पत्र निघालं तेव्हा हा डेपो नुकताच सुरू झाला होता. एका दिशेने पत्र येत होतं आणि उलट दिशेने माणसं जात होती. पत्राच्या मालकांची साखळी हॉवर्डपासून पुढे नावानिशी सांगता येते. माणसांची नोंद डेपोच्या वह्यांत झाली, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज. त्यांच्या वंशजांनी मराठी आणि गणपती दोन्ही टिकवले. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण कोकणातल्या एखाद्या घरी तिथून आलेली चार ओळींची खुशाली लिलावाच्या यादीत येत नाही. ती दुर्मीळ नाही म्हणून नव्हे. ती कोणी जपावी असं कोणाला वाटलं नाही, म्हणून.

आणि मी तर जपलेली कापली. आबांनी ती पत्रं पंचवीस वर्षं ट्रंकेत ठेवली होती, दोरीने बांधून, वर्षावार. माझा अल्बम तेव्हा फार व्यवस्थित दिसत होता. ओळीने चिकटवलेली तिकीटं, खाली शाईने किंमत. त्यावर ना गाव, ना तारीख, ना तात्यांचं अक्षर.

तात्या आता नाहीत, आबाही नाहीत. गेल्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा ते कार्ड आजीला दाखवलं. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. ‘…ला बरं नाही, पण काळजी करू नये.’ विचारलं, आजी, त्या साली मुंबईला कोण आजारी होतं? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘संपाचं वर्ष ना ते? त्या वर्षी कोण बरं होतं रे?’

मग तिने कार्ड हातात घेतलं आणि बोटाने भोक चाचपलं. म्हणाली, ‘हे उंदराने खाल्लंय.’

मी हो म्हणालो.