राजेळीच्या मांडवाखालची वसई

वसईचा इतिहास म्हटला की किल्ला येतो. १५३४मध्ये गुजरातच्या सुलतानाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. वसईच्या गोन्सालो गार्सियांना १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं, हे तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण पोर्तुगीज गेले तरी इथला ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीत टिकला, मराठीतच भांडला, रडला, प्रार्थना करत राहिला. त्याचं घर ज्यांनी धरून ठेवलं त्या बायका कुठल्या बखरीत नाहीत. माझी आई त्यांतलीच. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

लाल चौकड्यांचं लुगडं नेसून ती पहाटे वाडीत उतरायची. आमचा खरा आधार सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. राजेळी केळ्यांचा घड पुरता पिकला, साल काळवंडली की सोलायला बसायचं. काड्यांच्या मांडवावर केळी सुटी सुटी मांडायची, दुपारी परतायची, ऊन कललं की आत घ्यायची. दव लागलं की बुरशी आलीच. आठवडाभर हाच धंदा. आई दोन बोटांत केळं दाबून बघायची आणि म्हणायची, "अजून एक ऊन दे गं." तयार सुकेळी केळीच्या वाळक्या पानांत बांधली जात. आगाशीचा व्यापारी भाव पाडायला लागला की ती गाठोडं परत आत न्यायची. आम्हा मुलींच्या शाळेची फी त्या पैशांतून भरली गेली, हे वडील शेवटपर्यंत अभिमानाने सांगत.

ती शिकली चौथीपर्यंत. चर्चमधली मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असे; उत्तरं तिला तोंडपाठ, अर्थ ठाऊक नाही. १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर मराठी आली. "फादरांचं तोंड आमच्याकडे झालं," एवढंच ती सांगायची, पण सांगताना खुलायची. माझ्या मते मराठी चर्चमध्ये उशिरा पोचली. आमच्या ओटीवर ती आधीपासूनच होती. रोज संध्याकाळी दिवा लागला की रोझरी, मग आजारी शेजाऱ्यांसाठी, गाभण गाईसाठी, पावसासाठी आईची स्वतःची मागणी. ही भाषा तिला कुठल्या धर्मगुरूने शिकवली नव्हती, तिच्या आईने दिली होती.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधकामं वाढली, टँकर विहिरी उपसू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीत ती मोर्च्याला गेली, त्याच लाल लुगड्यात. एरवी चारचौघांत न बोलणाऱ्या माझ्या आईने त्या दिवशी घोषणा दिल्या. आमच्या विहिरीचं पाणी पुढे मचूळ झालं, राजेळीचे घड बारीक पडू लागले. तरी दर वर्षी ती दोन-चार घड सुकवायचीच, विकायला नाही, नातवंडांना चव कळावी म्हणून.