अस्तर तयार करायचं म्हणजे काय?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसं’ या दोन शब्दांमधला फरक पाहिला. आज हाच फरक वैद्यकाच्या इतिहासात पाहू. विषय थोडा अवघड वाटेल. पीसीओएस असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात गोठवलेला भ्रूण सोडायचा असतो, तेव्हा गर्भाशयाचं अस्तर कोणत्या संप्रेरकांनी तयार करायचं?

सुरुवात 1935 सालापासून करू. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, बीजांडकोश मोठे, त्यांत अनेक लहान गाठी. त्यांनी बीजांडकोशाची एक पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. म्हणजे बघा, बीज होतं, फक्त ते बाहेर पडत नव्हतं.

आता बीज बाहेर पडल्यावर काय होतं? त्याच्या रिकाम्या पुटकुळीचा पीतपिंड बनतो. त्यातून प्रोजेस्टेरॉन झरतं, आणि अस्तर भ्रूणाला धरून ठेवतं. पीसीओएसमध्ये बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पीतपिंडाचाही भरवसा नाही.

आता 1978 सालात येऊ. लुईस ब्राऊन जुलैत जन्मली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर सत्तरेक दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी औषधांनी बीजं वाढवली, भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या एका नैसर्गिक चक्रात तो गर्भाशयात सोडला. औषधांनी ढवळलेल्या चक्रात अस्तर नीट नसतं, तेव्हा थांबावं, हा विचार त्यामागे होता. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत हर्षाचा जन्म घडवणारे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे कोलकात्याच्या नोंदी वाचल्या आणि 1997 साली लिहून टाकलं की श्रेय मुखोपाध्यायांचं आहे. स्वतःचा पहिला क्रमांक असा सोडून देणं सोपं नसतं.

तिकडे ऑस्ट्रेलियात 1984 साली गोठवलेल्या भ्रूणापासून झोई लेलँड जन्मली. त्याच वर्षी मेलबर्नहून आणखी एक बातमी आली: जिचे बीजांडकोश निकामी झाले होते अशा स्त्रीला इस्ट्रोजेन आणि नंतर प्रोजेस्टेरॉन देऊन दात्याच्या बीजापासून गर्भधारणा झाली होती. निष्कर्ष असा निघाला की भ्रूण रुजायला ही दोन संप्रेरकं पुरेशी आहेत, पीतपिंड नसला तरी चालतो.

पीसीओएसच्या स्त्रियांसाठी हे वरदानच ठरलं. पाळीची वाट बघायला नको. गोळ्या सुरू करा, अस्तर जाड झालं की प्रोजेस्टेरॉन द्या, तारीख ठरवा. डॉक्टरांची सोय, प्रयोगशाळेचीही सोय. सोय वाईट नसते हो, पण सोयीची गोष्ट लवकरच ‘नेहमीची’ होते, आणि नेहमीच्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारत नाही.

प्रश्न आकड्यांनी विचारला. चीनमध्ये पीसीओएस असलेल्या 1508 स्त्रियांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. गोठवलेल्या भ्रूणांच्या गटात 49.3 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, ताज्या भ्रूणांच्या गटात 42 टक्के. बीजांडकोश सुजण्याचा धोका 7.1 वरून 1.3 टक्क्यांवर आला. केवढं यश! पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार, प्रीएक्लॅम्प्सिया, 1.4 वरून 4.4 टक्के झाला होता.

का? त्या एका अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण पुढच्या निरीक्षणांत असं दिसलं की पीतपिंड नसलेल्या, पूर्णपणे बाहेरच्या संप्रेरकांवर चालवलेल्या चक्रांत हा धोका जास्त आहे. पीतपिंड फक्त प्रोजेस्टेरॉन देत नाही, रिलॅक्सिनसारखी द्रव्यंही देतो, आणि आईच्या रक्तवाहिन्या गरोदरपणाला जुळवून घेतात त्यात त्यांचा वाटा असावा. भ्रूण रुजायला जे पुरेसं होतं, ते आईला नऊ महिने पुरेसं होतं असं कोणी सिद्ध केलंच नव्हतं. आपण गृहीत धरलं होतं.

मग पर्याय? लेट्रोझोल. या गोळीने स्त्रीचं स्वतःचं बीज पिकवता येतं, ते सुटलं की स्वतःचा पीतपिंड बनतो. पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी ही गोळी जुन्या क्लोमिफीनपेक्षा सरस आहे, हे 2014 साली 750 स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं. गंमत अशी की तेव्हा आपल्या देशात वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी होती, 2011 ते 2017. अर्थात प्रत्येकीचं बीज लेट्रोझोलने पिकतंच असं नाही. तिथे बाहेरची संप्रेरकं लागतातच, आणि त्यांनी असंख्य घरांत पाळणे हलवले आहेत. त्यांना नावं ठेवायची नाहीत.

एवढंच म्हणायचं आहे की ‘पुरेसं आहे’ असं कोणी म्हटलं की आपण विचारावं, कशासाठी पुरेसं? आणि कोणासाठी? मूल जन्मलं की आपण मोजणं थांबवतो. त्या खाटेवर दोघं असतात, हे विसरतो.

आज इथेच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.