आधी निकाल की आधी माफी?

दया ही चांगलीच गोष्ट. मग तिला सीमा कशाला हवी, असे तुम्ही म्हणाल. पण १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना सिद्ध होत असताना नेमका यावरच वाद झाला. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांची हरकत अशी : अध्यक्षानेच आतून फूस देऊन राजद्रोह घडवला आणि मग साथीदारांना माफी देऊन स्वतःचा दोषही झाकला, तर? कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? त्यावर जेम्स विल्सन यांचे उत्तर होते, की अशा अध्यक्षावर महाभियोग चालवता येईल.

शेवटी घटनेत दोनच मर्यादा आल्या. माफी संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांपुरतीच, आणि महाभियोगाला ती लागू नाही. पुढे १८६७ साली गारलंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हा घडल्यावर केव्हाही, खटला उभा राहण्यापूर्वीसुद्धा, माफी देता येते.

या मोकळिकीची खरी कसोटी लागली ती १९७४ साली. वॉटरगेट प्रकरणात रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्टला अध्यक्षपद सोडले. त्याआधी चारच दिवस न्यायखात्याने लेखी मत दिले होते, की कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही. म्हणून अध्यक्षाला स्वतःला माफी देता येणार नाही. बरे, स्वतःला नाही, पण वारसाने दिली तर? ८ सप्टेंबरला नवे अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. तोवर त्यांच्यावर आरोपपत्रसुद्धा नव्हते!

देशात गहजब झाला. फोर्ड यांच्या वृत्तपत्र-सचिवाने राजीनामा दिला. १७ ऑक्टोबरला फोर्ड स्वतः लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे गेले आणि आत कसलाही सौदा नव्हता, असे त्यांनी सांगितले. १ जानेवारी १९७५ रोजी निक्सन यांचे मदतनीस दोषी ठरले. धनी मात्र सुटला. १९७६ ची निवडणूक फोर्ड हरले. पण २००१ साली त्याच माफीबद्दल त्यांना धैर्याचा पुरस्कार मिळाला.

मग बरोबर कोण? वर्षानुवर्षे खटला चालता तर देश त्यातच गुंतून पडला असता, हे फोर्ड यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण निकालानंतरची माफी शिक्षा पुसते. खटल्याआधीची माफी सत्य शोधण्याची वाटच अडवते. मेसन यांची भीती हीच होती. २० जानेवारी २०२५ रोजी, एकाच दिवशी, मावळते अध्यक्ष बायडन यांनी आरोप नसलेल्या आपल्या भावंडांना माफी दिली, आणि नवे अध्यक्ष ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या दंगलीतील सुमारे १,५०० जणांना दया दाखवली. वाद अजून तोच आहे.

आपल्या घटनेचे ७२ वे कलम दोषी ठरलेल्या व्यक्तीविषयी बोलते, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. आधी निकाल, मग दया. हा क्रम साधा दिसतो खरा. पण काय घडले हे लोकांना कळण्याचा हक्क त्यातच राखलेला आहे.