कोणतं वाचू?

वाचनालयातून आणलेल्या जुन्या मराठी पुस्तकाचं शेवटचं पान सहसा कोरं नसतं. शिसपेन्सिलीनं कुणी लिहिलेलं असतं, ‘छान आहे, अवश्य वाचा.’ खाली वेगळ्या हातानं, ‘शेवट पटला नाही.’ पुस्तकावर काही लिहू नये असा शिक्का पहिल्या पानावर असतो, तरी शेरे पडतात. सही कुणाचीच नसते. पुस्तक सुचवण्याच्या चालीचा लेखी पुरावा म्हणावा तर एवढाच. बाकी सगळा व्यवहार तोंडी झाला. देवघेवीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ‘कोणतं वाचू?’ असं विचारायचं, त्यानं एकदा आपल्याकडं आणि एकदा कपाटाकडं पाहायचं, आणि उठून पुस्तक काढून द्यायचं.

ही चाल मराठवाड्यात कशी रुजली ते पाहायला सीमेजवळच्या एका गावापासून निघू. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या वाटेवर नायगाव लागतं. नरसी, कुंटूर, बरबडा, मांजरम या गावांना धरून १९९९ साली नायगाव तालुका झाला. त्याआधी हा भाग बिलोली तालुक्यात होता. तेलंगणाची हद्द जवळ असल्यामुळं बाजारात मराठीच्या जोडीनं तेलुगू आणि दखनीही कानावर पडते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं इथल्या वाचनाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या मापानं मोजता येत नाही. इंग्रजी अमलात रत्नागिरीला १८२८, नाशिकला १८४० आणि पुण्याला १८४८ साली वाचनालय उभं राहिलं. मराठवाड्यात मराठी घरात, शेतात आणि देवळात होती. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं.

पुस्तक सुचवण्याचं काम मात्र वाचनालयांच्या फार आधीपासून चालू होतं. श्रावण लागला की देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लावली जाई. एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि ज्यांना अक्षर ओळखीचं नाही अशा बायाबापड्यांनी कंदिलाच्या उजेडात ऐकायचं. कोणती पोथी लावायची हे कुणीतरी ठरवावं लागे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ १७०२ ते १७१८ या काळात पुरे झाले, महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ साली. यांतला कोणता ग्रंथ यंदा लावायचा, अध्याय कुठं थांबवायचा, अर्थ किती फोडून सांगायचा, हे ठरवताना समोरचा श्रोता लक्षात घ्यावा लागे. मराठवाड्यातला पहिला ग्रंथपाल शोधायचा तर तो या ओसरीवरच सापडेल.

निजामाच्या राज्यात छापील पुस्तकांची वाचनालयं आली ती एकोणिसावं शतक सरताना. हैदराबादेत शालिबंड्याला १८९५ साली भारत गुणवर्धक संस्था निघाली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू वाचकांसाठी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम सुरू झालं, आणि त्याच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. त्यांचं शिक्षण नागपूरला झालेलं, मराठी त्यांना उत्तम येई, आणि शिवाजी महाराजांचं चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिलं. आज दोन राज्यांत वाटली गेलेली ही दोन भाषांची वाचनालयं एकाच अडचणीतून, एकमेकांच्या शेजारी वाढली. नायगावसारख्या सीमेवरच्या गावात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ती अडचण साधी नव्हती. निजाम सरकारच्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमामुळं जाहीर सभेला आधी सरकारी परवानगी लागे. सभेला बंदी असेल तेव्हा चार माणसांनी एकत्र बसायला वाचनालयासारखी जागा नाही. आ. कृ. वाघमारे यांनी चालवलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारनं बंदी घातली, तेव्हा ते वेगवेगळ्या नावांनी निघत राहिलं. अशा काळात कुणाच्या हातात काय द्यायचं, हा आवडीनिवडीपुरता प्रश्न उरत नाही. वाचनालय सांभाळणारे बहुधा शिक्षक किंवा वकील असत. समोरच्या पोराला हरिभाऊ आपट्यांची कादंबरी द्यायची की टिळकांचं चरित्र, हे ठरवताना त्यांना पोराची समज आणि त्याच्या घरची परिस्थिती, दोन्ही तोलावी लागत असणार. माणूस ओळखून पुस्तक देण्याची सवय या भागाच्या हाडात मुरली ती इथून.

त्या सवयीचं सर्वांत मोठं नाव नरहर कुरुंदकर. जन्म १९३२ चा. हैदराबादला शिकायला गेलेला हा मुलगा इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला आणि वाचत मात्र राहिला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते. पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. १९८२ साली त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची पन्नाशीही झाली नव्हती. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. १९६८ साली आलेली ही कादंबरी महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचनालयांत असते आणि बहुतेक वेळा ती बाहेरच गेलेली असते. कादंबरीसाठी पुस्तक नेणारे हजारो वाचक इतिहास कसा वाचावा याचा धडा नांदेडच्या एका शिक्षकाकडून घेऊन परतले. प्रस्तावना ही पुस्तक सुचवण्याचीच भारदस्त रीत आहे, आणि कुरुंदकरांनी तीत वाचकाला कधी लहान लेखलं नाही.

कायद्यानं या कामाकडं कसं पाहिलं? हैदराबाद राज्यानं १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याच्या आधी, १९४८ साली, मद्रासनं केला होता. पण हैदराबादचा कायदा नीट रुजायच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा स्वतःचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय कर होता. महाराष्ट्रानं तो ठेवला नाही. लोकांनी वाचनालय काढावं आणि शासनानं त्याला मान्यता आणि अनुदान द्यावं, ही आपली पद्धत. १९७० च्या नियमांनी त्या मान्यतेची चौकट ठरली आणि वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसली. गावोगावी वाचनालयं झाली ती यामुळंच, आणि ते श्रेय या कायद्याला द्यायलाच हवं.

तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही पाहतात, देवघेवीचे आकडे पाहतात, वर्गणीदार मोजतात. शासनमान्य ग्रंथांची यादी वरून येते, खरेदी तिच्याकडं बघून करायची असते. ‘हे राहू द्या, तुम्ही हे न्या’ असं ग्रंथपाल दिवसातून कितीदा म्हणाला, याला नोंदवहीत रकाना नाही. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई पुष्कळदा एकच माणूस असतो. झाडून घेणं, वर्तमानपत्रं लावणं, फाटक्या पुस्तकाला खळ लावणं, सगळं त्याच्याकडं. मानधन इतकं तुटपुंजं की शेती किंवा दुकान सांभाळून तो हे करतो. पुस्तकं वाचून ठेवणं हे त्याचं खरं काम, पण त्यासाठी त्याला वेळ मिळावा असा विचार कुणी केलेला दिसत नाही. ही उणीव फार मोठी आहे.

मुलांच्या बाबतीत गोष्ट अजून अवघड. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचलं. १९८७ च्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळांना पुस्तकं मिळाली. अनेक शाळांत ती पेटीतच राहिली, कारण हरवलं तर भरून कोण देणार, ही धास्ती गुरुजींच्या मानेवर होती. ज्यानं पेटी उघडली त्या गुरुजींचं नाव मुलं जन्मभर घेतात. नांदेडच्या सुरेश सावंत यांनी मुख्याध्यापकी करता करता मुलांसाठी कविता लिहिली. ‘आभाळमाया’ या त्यांच्या संग्रहाला २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मुलांना काय आवडतं हे वर्गात उभं राहून कळलेल्या माणसाचा हा गौरव आहे.

पेटी चांगल्या कामाचीही असते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि त्या संस्थानात खेड्यांकडं पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. बडोद्याचं ग्रंथालयविषयक नियतकालिक १९१२ साली निघालं ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ साली, विनायक रानडे यांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं; शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडं जाते. पेटीत काय ठेवायचं ही निवड दोन्हीकडं आधीच झालेली. मोठ्या गावात, शहरात ते उत्तम चालतं.

खेड्याच्या वाचनालयात मात्र आणखी एक प्रकार चालत आला आहे. घरातली वर्गणी एकच, बहुतेकदा वडलांच्या नावची. पुस्तक बदलायला येतं ते शाळेतून सुटलेलं पोर. ते स्वतःसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मागतं आणि जाता जाता म्हणतं, ‘आईसाठी पण एक द्या.’ आई वाचनालयात कधी आलेली नसते. तिनं मागच्या खेपेला काय नेलं, किती दिवसांत परत आलं, पान कुठं दुमडलेलं होतं, यावरून ग्रंथपालानं तिची आवड ओळखायची. कादंबरी चार दिवसांत परत आली की पुढची जाडजूड निघते. महिना लागला तर सुगी चालू आहे हे त्यालाही माहीत असतं, तेव्हा कथासंग्रह. आणि शांता शेळके किंवा बहिणाबाईंचं पुस्तक परत आलं, की ते तो कपाटात लावत नाही. टेबलाच्या खणात ठेवतो, कारण गुरुवारी बाजाराला येणाऱ्या दुसऱ्या गावच्या मुलालाही त्याच्या आईनं तेच सांगून पाठवलेलं असतं.