ऱ्हाईन : सीमेवरची सामाईक नदी

'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' असे आपल्याकडे म्हणतात. युरोपातील ऱ्हाईन नदीचे मूळ मात्र शोधावे लागत नाही. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात २,३४५ मीटर उंचीवर टोमा नावाचे एक लहानसे तळे आहे. तेथून निघणारा प्रवाह आणि दुसऱ्या एका दरीतून येणारा प्रवाह राइखेनाऊ या गावी एकत्र येतात आणि पुढे ऱ्हाईन म्हणून वाहू लागतात. मूळ असे स्पष्ट असूनही लांबीचा घोळ झालाच. विसाव्या शतकातील ज्ञानकोशांनी आणि शालेय पुस्तकांनी एकामागून एक १,३२० किलोमीटर हा आकडा छापला. २०१० मध्ये एका जर्मन अभ्यासकाने तो पडताळून पाहिला, तेव्हा नदी सुमारे १,२३० किलोमीटरच भरली. दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. जिच्या काठावर कॉन्स्टन्सच्या पुलापासून समुद्रापर्यंत दर किलोमीटरला पाटी आहे, त्या नदीची ही गोष्ट!

म्हणजे आपली कृष्णासुद्धा ऱ्हाईनहून लांब आहे. युरोपातच व्होल्गा आणि डॅन्यूब हिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. तरी युरोपातील नद्या-कालव्यांवरून होणाऱ्या मालवाहतुकीपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या ऱ्हाईनच्या वाट्याला येते. याचे पहिले कारण निसर्गातच आहे. आपल्या नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळू दाखवतात. ऱ्हाईनला दोन दिशांनी पाणी मिळते. उन्हाळ्यात आल्प्सचे बर्फ वितळते, तर हिवाळ्यात नेकार, माइन आणि मोझेल या उपनद्या पावसाचे पाणी आणतात. एकीचा ओघ ओसरू लागला की दुसरीचा वाढतो. वर कॉन्स्टन्सचे विशाल सरोवर पाणी साठवून हळूहळू सोडत राहते. त्यामुळे बाझेलपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ८५० किलोमीटरचा जलमार्ग बहुतेक वर्षभर चालू राहतो.

परंतु निसर्गाने दिलेली वाट माणसाने शतकानुशतके अडवून धरली होती. काठावरचा प्रत्येक राजा, सरदार आणि बिशप आपापला जकात नाका उभारून बसला होता. काउब गावासमोर ऐन नदीच्या मध्यभागी, खडकावर, जहाजाच्या आकाराचा एक किल्ला आहे. तो चौदाव्या शतकात बांधला गेला, तो शत्रूशी लढण्यापेक्षा जकात वसूल करण्यासाठीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्ट्रासबर्गपासून हॉलंडच्या सीमेपर्यंत असे तीसेक नाके होते. त्यातच कोलोन आणि माइन्झ या शहरांचा एक जुना हक्क होता : येणारा माल तेथे उतरवायचा, काही दिवस स्थानिक व्यापाऱ्यांपुढे विक्रीस ठेवायचा आणि मगच पुढे न्यायचा. जो तो आपल्या अंगणातून जाणाऱ्या पाण्याचा मालक होता आणि त्यापायी सगळ्यांचाच व्यापार रखडत होता.

ही कोंडी फुटण्यास नेपोलियनच्या काळात, १८०४ च्या कराराने, सुरुवात झाली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ऱ्हाईनच्या वाहतुकीसाठी काठावरच्या राज्यांचे एक संयुक्त मंडळ स्थापन करण्याचे ठरवले आणि १८१६ मध्ये त्याची पहिली बैठक माइन्झ येथे भरली. १८३१ च्या कराराने शहरांचे माल उतरवून घेण्याचे हक्क गेले. १८६८ च्या मानहाइम कराराने, केवळ नदीतून जातो म्हणून कोणत्याही जहाजावर कर बसवायचा नाही, हे तत्त्व पक्के झाले. बाझेलपासून खुल्या समुद्रापर्यंतची वाट सर्व राष्ट्रांच्या जहाजांना मोकळी झाली.

हे मंडळ आजही काम करते. जगात चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. त्याचे मोल कळण्यासाठी त्या काठाचा इतिहास आठवावा लागतो. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून अल्सेस प्रांत घेतला. काठच उरला नाही, म्हणून फ्रान्सला मंडळातून बाहेर पडावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर प्रांत फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि युद्ध संपताना पुन्हा फ्रान्सचा झाला. १८७० मध्ये स्ट्रासबर्गला जन्मलेला माणूस पंच्याहत्तर वर्षे जगला असेल, तर घर न सोडता त्याची सत्ता चार वेळा बदलली. घरात जर्मन वळणाची अल्सेशियन बोली; शाळेची भाषा मात्र सरकार बदलेल तशी बदलत गेली. दुभाषिक मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यावर अधिक भाष्य नको. १९२० पासून या मंडळाचे कार्यालय याच स्ट्रासबर्ग शहरात, एके काळी जर्मन सम्राटासाठी बांधलेल्या महालात आहे. ज्या नदीवरून तीन युद्धांत सैन्ये आरपार गेली, तिचे नियम दोन्ही काठ आज त्या महालात एकत्र बसून ठरवतात.

वाट मोकळी होताच काठ पालटले. रूरच्या कोळशामुळे डुइसबुर्ग हे युरोपातील सर्वांत मोठे नदीबंदर झाले. १८७२ मध्ये समुद्राकडे नवा जलमार्ग खुला झाला आणि रॉटरडॅमचे भाग्य उघडले. पाणी आणि स्वस्त वाहतूक दोन्ही हाताशी म्हणून रासायनिक कारखाने नदीलगत आले. लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बंगाल-बिहारच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्या साहेबांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला. १९१७ च्या चंपारण्य सत्याग्रहामागचा एक धागा असा ऱ्हाईनच्या काठापर्यंत पोहोचतो.

मात्र या साऱ्या करारांत एक मोठी उणीव राहिली होती. करार होते ते जहाजांसाठी. पाण्याची दाद घेणारे कोणी नव्हते. बाडेनचे अभियंते योहान टुला यांच्या योजनेप्रमाणे १८१७ ते १८७६ या काळात नदीची वळणे कापण्यात आली आणि बाझेल ते वर्म्स हे अंतर ८१ किलोमीटरने कमी झाले. दलदल हटली, हिवताप ओसरला, शेतीला जमीन मिळाली. पण पुराचे पाणी खालच्या गावांवर अधिक वेगाने जाऊ लागले. पुढे कारखान्यांची घाण आली, सामन मासा नाहीसा झाला. अल्सेसच्या पोटॅश खाणी नदीत मीठ सोडत आणि त्याचा फटका हॉलंडच्या बागायतदारांना बसे. त्यांनी दावा लावला. नुकसान जेथे झाले तेथील न्यायालयातही दाद मागता येईल, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला.

नदीच्या रक्षणासाठी आयोग १९५० मध्येच स्थापन झाला होता, पण खरी जाग आली ती १ नोव्हेंबर १९८६ रोजी. बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली. पाणी लाल झाले, हजारो ईल मासे मेले आणि खालच्या देशांना नदीचे पाणी उपसणे बंद करावे लागले. पुढच्याच वर्षी सर्व काठांनी मिळून कृती कार्यक्रम आखला. तो यशस्वी झाला की नाही हे ओळखायची खूणही साधी ठरवली : सामन मासा परत आला पाहिजे. काही उपनद्यांत तो परतलाही.

आता नवी अडचण उभी आहे, तीही त्याच काउबपाशी. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील मोजपट्टीवर पाण्याची पातळी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली. जहाजांना निम्म्याहूनही कमी माल घेऊन जावे लागले आणि बीएएसएफलाही उत्पादन घटवावे लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. जेथे एके काळी राजाचा जकातदार जहाज अडवीत असे, तेथे आता उथळ पाणी अडवते. जकात कराराने उठवता आली. आल्प्सचे आटत चाललेले बर्फ केवळ या काठांच्या कराराने परत येणार नाही.

सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. भांडण झाले तरी पाळी चुकत नाही, कारण पीक दोघांचेही वाळणार असते. ऱ्हाईनच्या काठांवरच्या लोकांना हे उमगायला अनेक युद्धे आणि मेलेल्या माशांनी भरलेली एक नदी पाहावी लागली. त्यांचे आपसातले प्रेम फार वाढले, असे इतिहास सांगत नाही. त्यांनी नियम केले आणि ते पाळले, एवढेच तो सांगतो.